कुठल्या तारेचा जीव

आप्पांनी चारही तारांवरून बोट फिरवलं आणि मी हातातली कानस टाकून दुकानाबाहेर आले. आले कसली, पळालेच. पायात चप्पलसुद्धा घातली नाही. गल्लीच्या तोंडाला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथं जाऊन उभी राहिले. त्या चरकाला घुंगरं बांधलेली होती आणि इंजिनाचा असा काही कालवा चालायचा की दुसरं काही कानात शिरायचंच नाही. रसवाल्यानं किती ग्लास म्हणून विचारलं. मी अर्धा म्हटलं. अर्धा ग्लास रस प्यायला ही अनवाणी कशाला धावत आली, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. बोटं गार पडली होती, आणि मी उसाची चिपाडं बघत मनाशी म्हणत होते, ही चिपाडं खरी आहेत, ही खरी आहेत.

परत आले तेव्हा आप्पांनी मान वर न करता विचारलं, पोट बिघडलंय का. मी हो म्हटलं. महिनाभर माझं पोट बिघडलेलंच होतं.

आमचं तंबोऱ्याचं दुकान मिरजेत, सतारवाल्यांच्या गल्लीत. आम्ही सुतार. आजोबांपासून, म्हणजे आण्णांपासून, भोपळे, लाकूड आणि तारा ह्यांच्यातच घर चालत आलेलं. मी एकुलती एक, वैजयंती, म्हणजे सगळ्यांची वैजू. सांगायची गोष्ट अशी की मला जवारी लावता यायची. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी. त्या घोडीचा माथा कानशीनं इतका हळूहळू घासायचा की तारेचा आवाज नुसता टणकन वाजून मरत नाही, गोल होतो, भरत जातो, बोट उचललं तरी मागं रेंगाळतो. ही जवारी. काम हाताचं, पण ते करतो कान. भोपळा कुणीही कोरेल, जवारी घरटी एखाद्यालाच येते. आमच्या घरी ती मला आली, म्हणजे मुलीला आली, हेच काहींना पचेना.

काहींना म्हणजे मुख्यतः भाऊकाकांना. आप्पांचे धाकटे भाऊ. त्यांचं दुकान आमच्या दुकानाला लागूनच. आप्पांनी मला जवारीच्या पाटावर बसवलं तेव्हा काका सगळ्यांसमोर म्हणाले होते, "दादा, ही उद्या लग्न करून जाईल आणि जाताना कान सासरी घेऊन जाईल. मग बस तू बोंबलत." मी त्यांना म्हटलं होतं, काका, मी नवरा इकडं आणेन. गल्ली हसली. पण मी ते चेष्टेत म्हटलं नव्हतं. पुण्याला बी. कॉम. करायला गेले तीसुद्धा परत येऊन दुकान धरायचं, हे ठरवूनच. तो पाट मी भांडून मिळवला होता. आणि आता त्याच पाटावर मला पाच मिनिटं बसवत नव्हतं.

झालं होतं ते असं. शेवटच्या परीक्षेनंतर आम्ही होस्टेलच्या मुली आणि त्यांचे दोघं-तिघं मित्र गोकर्णाला गेलो. तिथं संध्याकाळी माझ्या खोलीतल्या शाल्मलीच्या मित्रानं नशेचा नखाएवढा कागदाचा तुकडा जिभेवर ठेवायला दिला. मी नाही म्हणू शकले असते. पण मिरजेची म्हणून सगळे मला आधीच काकू म्हणायचे, त्यात आणि भर कशाला, म्हणून ठेवला. सुरुवातीला मजाच होती. वाळूवर खेकड्यांनी काढलेली नक्षी हलायला लागली, समुद्राला भलताच रंग चढला, आम्ही हसून हसून आडवे झालो. मग शाल्मलीनं तिचा तो बॅटरीवरचा डबा-तंबोरा चालू केला. ती गाणं शिकायची.

तो आवाज सुरू झाला आणि माझं हसू गेलं. आवाज थांबेना. म्हणजे तो थांबणारा नव्हताच, डबाच तो, पण मला कळलं – वाटलं नव्हे, कळलं – की जगात हा आवाज तेवढा खरा आहे. मिरज, दुकान, आई, आप्पा आणि मी, हे सगळं त्या आवाजानं नुसतं मनात आणलंय. तो थांबला तर आम्ही संपलो, आणि नाही थांबला तर हे असंच कायमचं. मी हाका मारत होते म्हणे. डबा बंद केला तरी मला तो ऐकू येतच राहिला. सकाळी सगळे ऑम्लेट खायला बसले, मीही बसले. मित्र म्हणाला, काकूंना जरा जास्त झालं. मी हसले. वाटलं, सुटले.

कुठलं सुटतेय. आठ-दहा दिवसांनी होस्टेलच्या मेसमध्ये जेवत होते. फ्रिज घुमायला लागला आणि भीती आली तशीच्या तशी. मनात एकच – आपण परत आलोच नाही, अजून त्या वाळूवरच पडलोय, ही मेस, ही आमटी, सगळं त्या आवाजातलंच आहे. मी स्वतःला चिमटे काढले. हाताला वळ उठले, पण वळही त्यातलेच असले तर काय घ्या. त्यानंतर पंखा, रस्त्यावरचा विजेचा डबा, पाण्याची मोटर, घुमणारं काहीही चालेनासं झालं. आणि अशी मी घरी आले ती कुठं, तर जिथं दिवसभर तंबोरे वाजतात तिथं. नशिबाची थट्टा बघा.

आईला वाटलं नजर लागली. तिनं मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. नजर असली तर मिरच्यांचा ठसका लागत नाही म्हणतात. इथं सगळं घर खोकलून बेजार झालं, शेजारच्या काकूसुद्धा डोळे पुसत बाहेर आल्या. नजर नाही म्हटल्यावर आई हिरमुसलीच. तिच्या हातातलं औषध संपलं होतं.

भाऊकाकांच्या मात्र सगळं लक्षात यायला लागलं होतं. आप्पा तारा छेडायला लागले की मी स्वयंपाकघरात असायची. काका एकदा दारात उभं राहून बघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी आईजवळ इचलकरंजीच्या एका स्थळाचा विषय काढला. मुलगा चांगला आहे, यंत्रमाग आहेत. आई मला सांगताना अडखळली. मी भाकरी थापत होते. मला इतका राग आला की ती भाकरी परातीतच मोडली. काकांचा राग नव्हे. ते खरे ठरायला निघाले होते, आणि ठरवत मी होते, त्याचा राग.

त्या रागातच मी सांगलीला जाऊन मनाच्या डॉक्टरांकडे दाखवलं. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. बाई होत्या, केस पिकलेल्या. मी पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं, तो कागदसुद्धा. त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, ते औषध अंगातून केव्हाच गेलंय, राहिलीय ती भीती. वेड लागलेलं नाही आणि लागायची लक्षणंही नाहीत. थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या, पुन्हा असलं काही, अगदी शिवरात्रीची भांगसुद्धा, आयुष्यात घ्यायची नाही असं बजावलं. आणि म्हणाल्या, तुम्ही दर वेळी पळता, म्हणून भीतीला वाटतं आपण बरोबर आहोत. थोडं थोडं थांबायला शिका. मी म्हटलं, डॉक्टर, मला थांबायचं ते नेमकं त्याच आवाजात आहे, दुसऱ्या कशात थांबून माझं भागणार नाही. त्या जरा विचार करून म्हणाल्या, मग तर बरंच आहे, शोधत जायला नको. तेव्हा मला त्यांचा रागच आला होता.

गोळ्यांनी झोप लागायला लागली. मी दुकानात एकटी असताना एकच तार छेडून बघायची. एक तार जमायची. दुसरी छेडली की पाय आपोआप उंबऱ्याकडं वळायचे. आणि तेवढ्यात नाडगौडाबाईंचा निरोप आला.

सरोजिनीबाई नाडगौडा निपाणीच्या. मोठ्या गाणाऱ्या. त्यांच्या तंबोऱ्यांची जोडी आमच्याकडं तयार होत आली होती आणि जवारी त्यांना समोर बसून लावून घ्यायची असायची. आप्पांनी त्यांना आधीच कळवून टाकलं होतं की ह्या वेळी जवारी वैजू लावेल. मला न विचारता. का विचारतील? त्यांच्या लेखी माझं पोट बिघडलं होतं.

दुपारची वेळ. आई निजली होती. आप्पा जोडीतल्या एका तंबोऱ्याला तारा चढवत होते, मी समोर बसले होते, आणि मला एकाएकी असं झालं की आता नाही सांगितलं तर मी कधीच सांगणार नाही. कुठून सुरू करावं कळेना. तोंडातून निघालं ते हे –

"आप्पा, माझा जीव जागेवर नाही."

आप्पांनी खुंटी पिळता पिळता विचारलं, "कुठल्या तारेचा?"

इथं सांगायला पाहिजे. जवारी लावून झाली की प्रत्येक तारेखाली, पंचमापासून शेवटच्या जाड खर्जापर्यंत, घोडीवर, सुताचा एक बारीक दोरा सरकवतात. तो केसभर पुढं-मागं केला की आवाज उघडतो, नाही तर मिटतो. त्या दोऱ्याला आमच्यात जीव म्हणतात. जीव लाव, जीव काढ, जीव जागेवर नाही, हे आमच्या दुकानात दिवसातून दहा वेळा बोललं जायचं. आप्पांनी तेच ऐकलं. दुसऱ्या कुठल्याही घरात बापानं पोरीकडं दचकून बघितलं असतं.

मला हसू फुटलं. महिन्यात पहिल्यांदा. हसता हसता म्हटलं, "खर्जाचा."

"मग सरकव की," आप्पा म्हणाले.

आणि माझ्या हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. आप्पांनी वर बघितलं. मी म्हटलं, तंबोऱ्याचा नव्हे, आप्पा. माझा.

मग सांगितलं. कागद, गोकर्ण, डबा, मेस, सांगलीच्या डॉक्टरीणबाई, गोळ्या, सगळं. आप्पा खुंटी धरून बसले होते. मला वाटलं, हाणतील. शिकवायला पाठवलं आणि हे धंदे, असं काहीतरी म्हणतील. ते तसं काही बोललेच नाहीत. त्यांना लागलं ते निराळंच.

"तंबोऱ्याला भ्यालीस?" एवढंच म्हणाले. "आपल्या तंबोऱ्याला?"

त्यांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. माझ्या आप्पांना मी एवढं दुखावलेलं कधी बघितलं नव्हतं. मी व्यसनी झाले असं सांगितलं असतं तर त्यांनी आरडाओरडा करून सोडवलं असतं. पण स्वतः जन्मभर ज्याच्यासमोर बसले, त्यालाच पोर भिते, ह्याला काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. उठले, तंबोरा भिंतीला टेकवला आणि संध्याकाळपर्यंत दुकानात आलेच नाहीत. मी ओट्यावर बसून ठरवून टाकलं की इचलकरंजी तर इचलकरंजी. यंत्रमागाच्या खडखडाटात निदान ऐकू तरी काही येणार नाही. असं ठरवलं आणि स्वतःचाच इतका तिटकारा आला की आत जाऊन तोंड धुतलं.

संध्याकाळी आप्पा आले ते सरळ पाटावर. मला म्हणाले, बस. मी बसले. मला भांडायची खुमखुमी होती, म्हणून विचारलं, "एकदा जीव लावला की तो कायम तिथंच राहील असं काही करता येत नाही का?"

"येतंय की. चिकटवायचा," आप्पा म्हणाले. "मी चिकटवला हुता. पोरगा हुतो, सारखं सरकवून कटाळा आला म्हणून डिंकानं चिकटवला. आण्णांनी कानफाटात ठेवून दिली. हवा बदलली की तार बदलती, मग जिवानंबी सरकाय पायजे. न सरकणारा जीव घिऊन काय करायचंय? सरकला की परत आणायचा. त्येला काय एवढं."

आप्पा दृष्टान्त देणाऱ्यांतले नव्हेत. ते दोऱ्याबद्दलच बोलत होते, हे मी शपथेवर सांगते. पण मी ते माझ्यासाठी घेतलं. इतके दिवस मी वाट बघत होते की भीती एकदाची जाईल, कायमची जाईल, आणि मग मी पाटावर बसेन. सरकला की परत आणायचा, हे मला सुचलंच नव्हतं.

मग आप्पांनी नियम घातला. ते वाजवणार, मी बसणार. उठायला बंदी नाही. पण पळायचं नाही. उठायचं असेल तर तोंडानं सांगायचं, आप्पा उठते, आणि मग उठायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मी "उठते" म्हणेपर्यंतच इतकी दमले की उठायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी उठले. तिसऱ्या दिवशी चारही तारा चालू असताना भीती आली, छातीवर बसली, आप्पा वाजवत राहिले, मी पाटाची कड धरून राहिले, आणि ती उतरली. आपणहून उतरली. मी काहीही केलं नव्हतं. मला तर आधी खरंच वाटेना. पुढच्या दिवशी मला वाटलं, जिंकले, आणि त्याच दिवशी अशी काही आली की मी चप्पल हातात घेऊन बाहेर गेले. पण सांगून गेले.

नाडगौडाबाई आल्या त्या सकाळी काका आमच्या दुकानात येऊन बसले. कुणी बोलावलं नव्हतं. बाई सतरंजीवर बसल्या, तंबोरा मांडीवर घेतला, माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही लावणार ना? लावा. मी छेडत राहते, मला थांबून थांबून ऐकवत नाही."

म्हणजे सबंध वेळ आवाज चालू. मी आप्पांकडं बघितलं. आप्पा खिडकीकडं बघत होते.

कानशीचं काम ठीक झालं. पंचम उघडला, जोडाच्या दोन्ही तारा उघडल्या. खर्जाशी आले आणि भीती आली. मला ती लांबूनच ओळखू यायची. आधी बोटांची टोकं गार, मग कानात आवाज मोठा मोठा होत जायचा आणि खोली लांब लांब जायची. बाईंचा हात लांब गेला. काका लांब गेले. आणि तेच जुनं मनात उभं राहिलं – हे काही नाही, तू परत आलीच नाहीस, हे सगळं आवाजातलं आहे.

"बाई," मी म्हटलं, "मला भीती वाटायला लागलीय."

डॉक्टरीणबाई सोडल्या तर परक्या माणसासमोर हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. बाईंचा हात जरा मंदावला. काय झालं त्यांना कळणं शक्य नव्हतं. त्यांनी विचारलं, "थांबवू का?"

काका पुढं सरकले. "दादा, उठव तिला. हात कापायला लागलेत पोरीचे. बाईंच्या तंबोऱ्याचं वाटोळं होईल. तू बस."

माझे हात कापत होते, खोटं कशाला बोलू. दोरा चिमटीत होता आणि चिमूट थरथरत होती. आप्पांना पाटावर बसायला एक क्षण लागला नसता. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

"हात कापू देत," आप्पा म्हणाले. "कान कापत न्हाईत तिचे. उठायचं असलं तर ती सांगंल."

सगळे माझ्याकडं बघत होते. उठते म्हटलं असतं तर कुणीही मला काही म्हटलं नसतं. बाईंनी पाणी दिलं असतं, आईनं जवळ घेतलं असतं, काकांनी स्थळाला होकार कळवला असता.

"थांबवू नका," मी म्हटलं. "वाजवा तुम्ही."

बाई वाजवायला लागल्या. मी दोरा सरकवला, तो जास्त पुढं गेला, खर्ज बद्द झाला. मागं आणला, जास्त मागं आला. काकांनी जिभेनं च्यक् केलं. भीती छातीवर तशीच होती, मी तिला घालवायच्या भानगडीत पडले नाही, मला काम होतं. परत सरकवला. नखानं, केसभर. आणि खर्ज उघडला.

चारही तारा एक झाल्या, आवाज खोलीभर झाला, भिंतीला टेकवलेले बाकीचे तंबोरेसुद्धा घुमायला लागले. बाईंना गायचं नव्हतं, तपासायचं होतं फक्त. पण त्यांनी डोळे मिटले आणि षड्ज लावला. काका उठून उभे राहिले होते ते बसले.

मी हात मांडीवर घेतले. अजून कापत होते. भीती गेली नव्हती, कुठंही गेली नव्हती, माझ्यासमोरच बसली होती. आवाज होता, भीती होती, आणि मी पण होते.